२,१४,७४,८३,६४७ : ऑयलरची मूळ संख्या

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही दहा अंकी विषम संख्या दोनच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला असता मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजेच एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा कोणताही विभाजक नाही. दोनच्या एखाद्या घातातून एक वजा करून ज्या मूळ संख्या मिळतात, त्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१ आणि ५२४२८७ यांच्यानंतर या मालिकेत आठवा क्रमांक प्रस्तुत संख्येचा लागतो. सर्व मूळ संख्या २ पासून ओळीने मांडल्या, तर त्या रांगेत तिचे स्थान १०,५०,९७,५६५ वे येते. स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर याने तिचे मूळत्व सिद्ध केले, आणि त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ज्ञात मूळ संख्यांत तीच सर्वांत मोठी होती. अलीकडच्या काळात ती अगदी निराळ्या कारणाने चर्चेत आली आहे. जगातील असंख्य संगणकांत पूर्णांक मोजण्याची वरची मर्यादा नेमकी हीच आहे.

संख्येची घडण समजून घेण्यास बुद्धिबळाच्या पटाची सर्वपरिचित गोष्ट पुरेशी आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशा दुपटीने दाणे ठेवीत गेल्यास पहिल्या एकतीस घरांतील एकूण दाणे २,१४,७४,८३,६४७ इतके भरतात. पट अजून निम्माही भरलेला नसतो. हीच गोष्ट द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ हे दोनच अंक वापरून लिहिली, तर एकापुढे एक असे एकतीस एक ओळीने येतात, मध्ये एकही शून्य नाही. दशमान पद्धतीत मात्र हे सौंदर्य पुरते लोपते. २१४७४८३६४७ या अंकांकडे पाहून त्यामागे इतकी साधी रचना असेल, अशी शंकाही कोणास येणार नाही.

दोनच्या घातातून एक वजा केल्यावर मूळ संख्या मिळावी, यासाठी घातांक स्वतः मूळ असणे आवश्यक असते. घातांक संयुक्त असला की उत्तरही हमखास संयुक्त येते. उदाहरणार्थ, घातांक ६ घेतल्यास उत्तर ६३ येते, आणि त्याला ३ व ७ या दोहोंनी भाग जातो. परंतु घातांक मूळ असला म्हणजे उत्तर मूळ असेलच, असे नाही. घातांक ११ घेतल्यास २०४७ मिळतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. ही गोष्ट सोळाव्या शतकात युरोपात माहीत झाली, आणि तेथून या संख्यांचा खरा इतिहास सुरू होतो.

इटालियन गणितज्ञ प्येत्रो काताल्दी याने १५८८ मध्ये घातांक १७ आणि १९ यांपासून मिळणाऱ्या संख्या मूळ असल्याचे प्रत्यक्ष भागाकार करून दाखविले. एवढ्यावर न थांबता २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांपासूनही मूळ संख्याच मिळतात, असे त्याने सिद्धतेवाचून सांगून टाकले. १६४० मध्ये प्येर द फेर्मा याने २३ आणि ३७ ही दोन विधाने खोडून काढली. पहिल्या संख्येस ४७ ने, तर दुसरीस २२३ ने भाग जातो. पुढे ऑयलरने घातांक २९ चाही निकाल लावला. त्या संख्येचा एक विभाजक २३३ आहे. चारांपैकी तीन विधाने अशी निकालात निघाली आणि एकतीसचे तेवढे उरले. काताल्दीचे हे विधान खरे ठरले, तरी त्याचे श्रेय त्याला देता येत नाही. चार बाण मारून एक लागला, इतकाच त्याचा अर्थ.

ज्याच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात, त्या मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घातांकांची एक यादी दिली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. पहिले आठ बरोबर आहेत. पुढे ६७ आणि २५७ हे चुकीने आले आहेत, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले आहेत. संपूर्ण यादी तपासून होण्यास विसावे शतक उजाडले. चुका असलेल्या यादीमुळे एखाद्याचे नाव अमर व्हावे, याचे आश्चर्य वाटते खरे. पण त्या यादीनेच पुढच्या तीनशे वर्षांतील गणितज्ञांना कामाला लावले, हेही विसरता येत नाही.

आता ऑयलरच्या सिद्धतेकडे वळू. कोणतीही संख्या मूळ आहे हे ठरविण्याचा सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहणे. २,१४,७४,८३,६४७ चे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक आहे. त्याच्या आत सुमारे ४,८०० मूळ संख्या येतात. हाताने तितके भागाकार करणे अशक्य नसले, तरी त्यात चूक होण्याचा धोका मोठा. ऑयलरने भागाकार वेगाने करण्याऐवजी बहुतेक भागाकारांची गरजच नाहीशी केली.

त्याची युक्तिवादाची पद्धत अशी. समजा, एखाद्या मूळ संख्येने आपल्या संख्येस निःशेष भाग जातो. तर त्या विभाजकाने २ च्या एकतिसाव्या घातास भागल्यावर बाकी १ उरते. फेर्माच्या प्रसिद्ध प्रमेयानुसार, विभाजकापेक्षा एकाने लहान असा घातांक घेतला, तरीही २ च्या त्या घाताची बाकी १ च उरते. एकतीस ही मूळ संख्या असल्याने या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होण्यासाठी विभाजकातून एक वजा करून येणाऱ्या संख्येस ३१ ने भाग गेलाच पाहिजे. विभाजक विषम असल्याने तिला २ नेही भाग जातो. म्हणून विभाजक ६२ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असणार. येथेच बहुसंख्य उमेदवार गळून पडतात.

पुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे. २ च्या एकतिसाव्या घाताची बाकी १ असेल, तर बत्तिसाव्या घाताची बाकी २ असेल. पण बत्तिसावा घात म्हणजे ६५,५३६ चा वर्ग. अर्थात, एका पूर्ण वर्गाला आपल्या विभाजकाने भागल्यावर बाकी २ उरते. असे ज्यांच्या बाबतीत घडू शकते, त्या विषम मूळ संख्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते. ही अट आधीच्या अटीशी जोडली की विभाजकाला दोनच रूपे उरतात : २४८ च्या पटीपेक्षा १ ने मोठी संख्या, किंवा २४८ च्या पटीपेक्षा ६३ ने मोठी संख्या. ४६,३४० पर्यंत अशा संख्या जेमतेम पावणेचारशे आहेत, आणि त्यांतील संयुक्त संख्या वगळल्यास उरणाऱ्या मूळ संख्या ऐंशीच्या आसपास. त्यांतील पहिल्या तीन ३११, १३०३ आणि १४८९ या आहेत. त्यांनी भागून पाहिल्यास अनुक्रमे ३५, २२६ आणि १९९ बाकी उरते. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन हे तीन भागाकार अवश्य करून पाहावेत, म्हणजे उरलेले काम किती कष्टाचे असेल आणि तरीही ते किती आटोक्यात आले होते, याचा अंदाज येईल. एकाही संख्येने भाग गेला नाही, आणि संख्या मूळ ठरली.

हा निकाल ऑयलरने बर्नुली घराण्यातील एका गणितज्ञास लिहिलेल्या पत्रात कळविला, आणि त्या पत्राचा अंश बर्लिन अकादमीच्या १७७२ सालच्या प्रबंधखंडात आला. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्ग येथे होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली होती. हिशेब मनात आणि लेखन मदतनिसांच्या हाताने, अशा स्थितीतही त्याच्या शोधनिबंधांचा ओघ आटला नाही.

आज हेच काम करण्यास याहून छोटा मार्ग उपलब्ध आहे. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्यूका याने १८७६ च्या सुमारास शोधलेली आणि अमेरिकन गणितज्ञ डी. एच. लेमर याने १९३० मध्ये सुटसुटीत केलेली ही कसोटी केवळ मेर्सेन संख्यांसाठी आहे. ४ पासून आरंभ करावा, प्रत्येक वेळी वर्ग करून त्यातून २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. घातांकातून दोन वजा करून येतील तितक्या वेळा ही क्रिया केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. घातांक ५ घेऊन ३१ ही संख्या तपासली, तर ४ नंतर १४, मग १९४ ची बाकी ८, आणि शेवटी ६२ ची बाकी ० येते. तीन पायऱ्यांत निकाल. आपल्या दहा अंकी संख्येसाठी अशा एकोणतीस पायऱ्या लागतात. याच वाटेने ल्यूकाने घातांक १२७ पासून मिळणारी एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये घोषित झालेल्या बावन्नाव्या मेर्सेन मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ असून तिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत. तिच्या पडताळणीतही ल्यूका-लेमर कसोटी वापरली गेली.

मेर्सेन मूळ संख्यांना प्राचीन महत्त्व आहे ते परिपूर्ण संख्यांमुळे. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच असणाऱ्या संख्येस परिपूर्ण म्हणतात. ६ म्हणजे १ अधिक २ अधिक ३, हे त्याचे सर्वांत लहान उदाहरण. यूक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात दाखविले की, प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते. सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कोणत्याही रीतीने तयार होत नाहीत, हे दोन हजार वर्षांनी ऑयलरने सिद्ध केले. आपल्या संख्येस २ च्या तिसाव्या घाताने गुणिले असता २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी आठवी परिपूर्ण संख्या मिळते. १ पासून २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्या सर्व पूर्णांकांची बेरीजही नेमकी तेवढीच भरते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ही परिपूर्ण संख्या एकोणिसाव्या स्थानात शिरते, म्हणून तिला तेवीस परार्धांहून थोडी अधिक असेच म्हणावे लागते.

इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो याने १८११ मध्ये आपल्या संख्याशास्त्रावरील ग्रंथात या परिपूर्ण संख्येविषयी असे भाकीत केले की, याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. कारण त्या केवळ कुतूहलाच्या वस्तू असून उपयोगाच्या नसल्याने कोणी शोधीत बसणार नाही. १८७६ मध्येच हे भाकीत खोटे ठरले. बार्लोची चूक गणितातली नव्हती, त्याचे हिशेब पक्के होते. निरुपयोगी गोष्टींच्या मागे माणूस किती चिकाटीने लागतो, याचा अदमास मात्र त्याला आला नाही.

काही इतर गुणधर्म थोडक्यात नोंदवू. या संख्येस ८ ने भागल्यास बाकी ७ उरते. त्यामुळे ती दोन वर्गांची किंवा तीन वर्गांचीही बेरीज म्हणून लिहिता येत नाही, तिला पूर्ण चार वर्ग लागतात. त्यांपैकी एक मांडणी अशी : ४६,३३९ चा वर्ग, ४२५ चा वर्ग, १० चा वर्ग आणि १ चा वर्ग. तिच्याहून एकाने लहान संख्येचे मूळ अवयव २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ हे आहेत. त्यांत ३१ येणे अपरिहार्यच होते, हे फेर्माच्या वर सांगितलेल्या प्रमेयावरून दिसून येईल. शिवाय तिचा घातांक ३१ हाही स्वतः मेर्सेन मूळ संख्या आहे. अशा दुहेरी मेर्सेन मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत : ७, १२७, प्रस्तुत संख्या आणि ल्यूकाची एकोणचाळीस अंकी संख्या. मग प्रस्तुत संख्याच घातांक म्हणून घेतली तर? त्या अवाढव्य संख्येत चौसष्ट कोटींहून अधिक अंक असतील. पण ती मूळ नाही. तिचा २९५२५७५२६६२६०३१ हा एक विभाजक सापडलेला आहे. तोही ऑयलरच्या नियमाप्रमाणेच, घातांकाच्या दुपटीच्या ६८,७४५ पटीपेक्षा बरोबर एकाने मोठा आहे.

बार्लोने निरुपयोगी ठरविलेल्या या कुळातील आपल्या संख्येला विसाव्या शतकात काम मिळाले. संगणकात पूर्णांक साठविण्यासाठी पूर्वी सर्रास बत्तीस द्विमान स्थाने वापरीत. त्यांतील एक स्थान धन-ऋण दर्शविण्यात जाते, एकतीस उरतात, आणि त्या सर्वांत एक लिहिला की होणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २,१४,७४,८३,६४७. तिच्यात आणखी एक मिळविला, तर अनेक यंत्रणांत उत्तर एकदम उणे २,१४,७४,८३,६४८ असे येते. संगणकाची कमाल मर्यादा मूळ संख्या निघावी, हा निव्वळ योगायोग. पण त्याचा फायदा करून घेतला गेला. १९६९ मध्ये मांडल्या गेलेल्या आणि १९८८ मध्ये पार्क व मिलर यांनी किमान मानक म्हणून पुरस्कारिलेल्या पद्धतीत आधीच्या संख्येस १६,८०७ ने गुणून या मूळ संख्येने भागतात आणि बाकी पुढची ‘यादृच्छिक’ संख्या म्हणून घेतात. १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. या निवडीमुळे १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याखेरीज मालिका पुन्हा पहिल्यावर येत नाही. भाजक संयुक्त असता, तर या पद्धतीने असे पूर्ण चक्र मिळाले नसते. संगणकतज्ज्ञांनी आपली आज्ञावली बरोबर चालते की नाही, हे पाहण्यासाठी १ पासून निघून दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ येते का, एवढेच तपासावे, अशी सोयही पार्क-मिलर यांनी करून ठेवली. गुप्तता राखण्याच्या कामी मात्र ही पद्धत मुळीच वापरू नये, कारण एक संख्या हाती लागली की पुढच्या सर्व काढता येतात.

मर्यादा म्हणून असलेली हिची दुसरी बाजू तापदायक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या दर्शकसंख्येने हा आकडा ओलांडला, आणि त्यासाठी मोजणीची व्यवस्था वाढवावी लागली. ती गमतीची बाब झाली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत काढलेला आदेश गमतीचा नव्हता. या विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास विद्युतजनित्रांची सर्व नियंत्रक उपकरणे एकाच वेळी बंद पडू शकतात, असे चाचणीत आढळले होते. २ च्या एकतिसाव्या घाताइतके शतांश सेकंद मोजले, तर साडेअठ्ठेचाळीस अधिक दोनशे दिवस भरतात. ठरावीक मुदतीत वीज बंद करून पुन्हा चालू करावी, असा उपाय त्या आदेशात होता. (ऑयलरच्या २४८ शी या २४८ चा काही संबंध नाही, जुळून आले इतकेच.)

सर्वांत व्यापक प्रश्न २०३८ चा आहे. युनिक्स परंपरेतील संगणक १ जानेवारी १९७० च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद मोजून काळ ठरवितात. ही मोजणी बत्तीस स्थानांत ठेवलेली असेल, तर १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती आपल्या संख्येवर पोहोचेल. पुढच्या सेकंदाला असे यंत्र १३ डिसेंबर १९०१ ही तारीख सांगू लागेल. नव्या संगणकांत आणि भ्रमणध्वनींत चौसष्ट स्थाने वापरली जात असल्याने त्यांना ही अडचण येऊ नये. लिनक्सच्या गाभ्यातही २०२० मध्ये जुन्या बत्तीस स्थानी यंत्रांसाठी आवश्यक ते बदल पूर्ण झाले. चिंता आहे ती कारखान्यांतील नियंत्रक, मीटर, जुनी दळणवळण उपकरणे यांची. ती एकदा बसविली की वीस-पंचवीस वर्षे कोणी उघडून पाहत नाही. शिवाय पुढच्या तारखांचे हिशेब करणाऱ्या प्रणालींना २०३८ पर्यंत थांबण्याचीही गरज नाही. वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मांडणाऱ्या एखाद्या जुन्या आज्ञावलीला ही तारीख २०१८ मध्येच भेटलेली असणार.

चौसष्ट स्थानांची नवी मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ही आहे. सेकंदांच्या हिशेबात ती सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरते. ती मात्र मूळ संख्या नाही. तिचा घातांक ६३ संयुक्त असल्याने तिला ७ ने सहज भाग जातो.